मोटारसायकलला वाइडबँड सेन्सर बसवताना: भोक पाडण्याआधीपासून रीडिंग वाचेपर्यंत

१ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस६ नियम लागू झाले, तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या बेंड पाइपवर (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपवर) धुरातला ऑक्सिजन ओळखणारा एक सेन्सर बसलेला दिसतो. मेकॅनिक त्याला ओटू सेन्सर म्हणतात, कॅटलॉगमध्ये लॅम्डा सेन्सर असं लिहिलेलं असतं. वस्तू एकच. बाहेरून आणलेला सेन्सर बसवायची वेळ दोन कारणांनी येते. एक तर कंपनीचा सेन्सर गेलाय आणि बदली पाहिजे. नाहीतर सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदललाय, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, बदलून रीमॅप केलाय किंवा ईसीयूच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारी पिगीबॅक पेटी लावलीय, आणि आता इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण खरंच किती आहे ते बघायचंय. पहिलं काम तासाभराचं. दुसऱ्यासाठी पाइपला भोक पाडावं लागतं, वेल्डिंग, वायरिंग, कॅलिब्रेशन सगळं येतं. हा लेख मुख्यतः दुसऱ्या कामाचा, म्हणजे वाइडबँड सेन्सर बसवण्याचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सेन्सर लावल्याने गाडीची ताकद वाढत नाही आणि ॲव्हरेजही वाढत नाही. ते मोजायचं हत्यार आहे. मोजलेल्या आकड्यावरून मॅप सुधारणारं कोणी नसेल, तर एवढा खटाटोप करू नका.

कंपनीचा सेन्सर आणि वाइडबँड

कंपनीचा सेन्सर नॅरोबँड असतो. आत झिर्कोनियाचा सिरॅमिक तुकडा असतो. एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तो स्वतःच थोडा व्होल्टेज तयार करतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१-०.२, आणि बरोबर मध्यावर, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा असताना, लॅम्डा १ ला, साधारण ०.४५. अडचण अशी की मध्याच्या आजूबाजूला हा व्होल्टेज एकदम उडी मारतो. त्यामुळे मिश्रण कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. ईसीयूचं त्यावर भागतं, कारण एकसारख्या वेगात चालवताना तो सतत थोडं पेट्रोल वाढवतो, थोडं कमी करतो आणि मध्याभोवती झोके घेत राहतो. पण पूर्ण थ्रॉटल पिळला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून आपल्या मॅपवर चालतो. आणि ट्यूनिंगमध्ये इंजिनाला धोका असतो तो नेमका तिथेच.

वाइडबँडमध्ये एक जादा पंप सेल असतो. मोजणीच्या छोट्या पोकळीतलं मिश्रण कायम लॅम्डा १ वर ठेवण्यासाठी तो ऑक्सिजन आत-बाहेर ढकलतो, आणि त्याला किती करंट लागला यावरून खरं मिश्रण निघतं. हा करंट सांभाळायला आणि आतला तुकडा ठरावीक तापमानाला ठेवायला वेगळा कंट्रोलर लागतोच. बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरसाठी हे तापमान ७८० अंश सेल्सिअस आहे. नुसता वाइडबँड सेन्सर आणून कंपनीच्या कनेक्टरमध्ये खुपसता येत नाही.

बाजारात एलएसयू ४.९ सगळ्यात जास्त चालतो. जुना ४.२ अजून मिळतो, पण त्याचा कनेक्टर आणि कंट्रोलर वेगळा. आपला कंट्रोलर कुठल्या सेन्सरसाठी आहे हे डब्यावर बघून मगच सेन्सर घ्या. ४.९ मध्ये बॉशचा ० २५८ ०१७ ०२५ हा नंबर बहुतेक किटमध्ये येतो. ऑनलाइन अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' दिसला तर समजून जा. नकली सेन्सर चालू होतात, आकडाही दाखवतात, फक्त तो आकडा खोटा असतो. न चालणारा सेन्सर परवडला, खोटा आकडा दाखवणारा नाही.

फक्त बदली करायची असेल तर

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३१ सारखा कोड आला की थेट सेन्सर मागवायची घाई होते. पी०१३१ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज कमी. सेन्सर मेला तरी हा कोड येतो, आणि बेंड पाइपची गॅस्केट फुटून हवा आत शिरत असली तरी येतो. पी०१३२ व्होल्टेज जास्त, पी०१३३ सेन्सर मंदावला, पी०१३५ हीटरचं सर्किट. पी०१३५ असेल तर आधी फ्यूज आणि कनेक्टर बघा. मग सेन्सर काढून, थंड असताना, हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजा. काही ओहम ते पंधरा-वीस ओहम आला तर हीटर जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो तुटलाय.

चार वायरींच्या बॉश पद्धतीच्या सेन्सरला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची (अर्थिंगची). डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. पांढरी म्हणजे हीटर असं धरून डेन्सोच्या सेन्सरला १२ व्होल्ट दिले की नवा सेन्सर बसवायच्या आधीच गेला.

बदली सेन्सर घेताना आटे जुळवा. मोटारसायकलींत एम१८ × १.५ (१८ मिलिमीटर व्यास, १.५ मिलिमीटर अंतराचे आटे) असतो तसा छोटा एम१२ × १.२५ ही बराच दिसतो. वायरींची संख्या आणि हीटरचा रेझिस्टन्सही मूळ सेन्सरच्या जवळपास पाहिजे, नाहीतर ईसीयू पुन्हा कोड टाकतो. वायर जोडावी लागलीच तर क्रिंप करा, सोल्डर नको. अशा अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधून आत जाते. सोल्डरने ती वाट बुजते, कनेक्टरमध्ये भरलेल्या ग्रीसनेही बुजते.

जाम झालेला सेन्सर ही कोकणातल्या गाड्यांची खास डोकेदुखी आहे. खारी हवा, पावसाळा आणि तापणारा लोखंडी पाइप एकत्र आले की आटे गंजून एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून पाइप कोमट करा, हातमोजे घाला, आणि वायर जायला खाच असलेली ओटू सेन्सरची गोटी (सॉकेट) वापरा. उघडा पाना कोपरे गोल करतो. एका दिशेने जोर लावत बसू नका. थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. आटे सेन्सरसोबत निघून आलेच, तर लेथवाल्याकडून नवीन बंग (सेन्सर ज्यात आवळतात ते पाइपला वेल्ड केलेलं आट्यांचं कडं) लावून घ्या. एपॉक्सीने भागवू नका.

वाइडबँडसाठी जागा शोधणं

कंपनीचा सेन्सर काढून त्या जागी वाइडबँड लावायचा मोह होतो. नको. ईसीयूला त्याचा सेन्सर लागतो. काही कंट्रोलर नॅरोबँडसारखा खोटा सिग्नल देतात हे खरं, पण आधीच ट्यूनिंगचा गुंता असताना त्यात आणखी एक शंका कशाला. शिवाय मूळ जागा एम१२ ची असेल तर एम१८ चा एलएसयू तिथे बसतच नाही. अडॅप्टर मिळतात, पण त्यात सेन्सरचं टोक वायूच्या वाटेतून मागे राहतं आणि आकडा उशिरा येतो. डायनोवर (गाडी जागच्या जागी चालवून ताकद मोजायच्या मशीनवर) तासाभरासाठी ठीक.

नवीन जागा ठरवताना एकमेकांशी भांडणाऱ्या बऱ्याच अटी सांभाळाव्या लागतात.

सेन्सर कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी पाहिजे. कॅटनंतरचा वायू बदललेला असतो. बीएस६ गाड्यांमध्ये कॅट बहुधा इंजिनखालीच असतो, त्यामुळे पोर्ट (इंजिनाचं एक्झॉस्टचं तोंड) आणि कॅट यांच्या मधला तुकडाच हाताशी उरतो.

पोर्टच्या फार जवळ नको. एलएसयू ४.९ च्या षटकोनी भागाला ६०० अंश आणि वायर जिथून निघते तिथल्या रबराला २५० अंश, एवढीच बॉशची मर्यादा आहे. पूर्ण लोडवर एअरकूल्ड सिंगलच्या (हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या इंजिनाच्या) पोर्टजवळ हा ताप सहज ओलांडला जातो. पाइपवर हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळलेला असेल तर आणखीच, म्हणून सेन्सरभोवतीचा रॅप काढून टाका. जागा मिळत असेल तर पोर्टपासून फूटभर तरी खाली या.

उघड्या टोकाच्याही जवळ नको. छोटा रेस सायलेन्सर लावलेल्या गाडीत आयडलला टोकाकडून बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि सेन्सर लीन दाखवतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून आयडलला पेट्रोल वाढवलं की प्लग काळा पडलाच.

सेन्सरचं टोक खाली झुकलेलं हवं. आडव्यापासून निदान दहा अंश वर, शक्यतो घड्याळात दहा ते दोनच्या मधली जागा. एक्झॉस्टमध्ये पाणी जमतं, विशेषतः सकाळच्या पहिल्या स्टार्टला. ते तापलेल्या सिरॅमिकवर पडलं की सिरॅमिक तडकतं. टोक खालून वर लावलं तर पाणी थेट त्यातच साठतं.

बाकीचं डोळ्यांनी बघायचं. पुढचं सस्पेन्शन पूर्ण दाबलं की चाक किंवा मडगार्ड सेन्सरला लागत नाही ना, हँडल वळवल्यावर वायर ओढली जात नाही ना, गाडी आडवी पडली तर सेन्सरच आधी जमिनीला लागणार नाही ना. क्रॅश गार्डच्या आतल्या बाजूची जागा चांगली.

छोट्या गाड्यांत आणखी एक अडचण. बेंड पाइप आतून तीस-बत्तीस मिलिमीटरचा, आणि त्यात एम१८ सेन्सरचं टोक बरंच पुढे येतं, वाट अडते. अशा वेळी थोडा उंच बंग घ्या, म्हणजे टोकाची जाळी वायूत राहील पण पाइप भरून टाकणार नाही. उलट बंग इतकाही उंच नको की टोक विहिरीत बसल्यासारखं राहील. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही पाइप जुळल्यानंतर सेन्सर लावला तर दोघांची सरासरी दिसते. एक रिच आणि एक लीन असेल तर आकडा मात्र देखणा दिसतो.

भोक आणि वेल्डिंग

पाइप गाडीवरून काढूनच वेल्डिंग करा. गाडीवर करायचं म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह आणि ईसीयूचा कनेक्टर दोन्ही काढावे लागतात, आणि तरीही धोका राहतोच. पाइप उतरवताना पोर्टची गॅस्केट नवीन आणून ठेवा. जुनी परत वापरली तर ती गळण्याची शक्यता मोठी, आणि गळतीने केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

काही गाड्यांचा बेंड पाइप दुपदरी असतो. बाहेरचा क्रोमचा पाइप दिसतो, आत वेगळाच पातळ पाइप असतो. नुसत्या बाहेरच्या थरावर बंग लावला तर दोन थरांच्या मधून वायू फिरत राहतो. आधी छोटं भोक पाडून बघा. दोन थर दिसले तर बंग आतल्या पाइपला वेल्ड झाला पाहिजे, मग बाहेरचा थर बंद करायचा. इथे वेल्डर हातचा आणि शहाणा पाहिजे.

भोकासाठी स्टेप ड्रिल वापरा. साध्या मोठ्या ड्रिलने पातळ पत्र्यात तिकोनी भोक पडतं. आतली धार कानशीने घासून घ्या आणि चुरा झटकून काढा, नाहीतर तो सेन्सरवर किंवा कॅटमध्ये जातो. बंग शक्यतो एसएस ३०४ चा. वेल्डिंग आर्गनचं करायला सांगा. साध्या आर्क वेल्डिंगचे थेंब आत उडतात आणि पातळ पाइप जळतो. वेल्ड करताना बंगात एम१८ चा बोल्ट हलका घालून ठेवा, म्हणजे आटे तापून वाकणार नाहीत. तो बोल्ट नवीन सेन्सर नसावा, हे वेल्डरला स्पष्ट सांगा. शेवटी एम१८ × १.५ चा टॅप एकदा फिरवून आटे साफ करा आणि थंड पाइप पाण्यात बुडवून, एक टोक बंद करून, हवा मारून बुडबुडे बघा.

सेन्सर आवळणं

फ्री-एअर कॅलिब्रेशन (सेन्सर मोकळ्या हवेत ठेवून कंट्रोलर जुळवणं) मागणारा कंट्रोलर असेल तर सेन्सर आत्ताच पाइपमध्ये घालू नका, ते कॅलिब्रेशन आधी. बाकी काम सोपं. नव्या सेन्सरच्या आट्यांवर जाम होऊ नये म्हणून कंपनीनेच पेस्ट लावलेली असते. नसेल तर अँटी-सीझ अगदी थोडी, फक्त आट्यांवर. टोकाला बोटही लावू नका. सिलिकॉन गॅस्केट मेकर सेन्सरच्या आसपास नको, त्याची वाफ झिर्कोनियाला मारते. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग २२ च्या पान्याने. बॉशने एलएसयू ४.९ साठी ४० ते ६० न्यूटन मीटर टॉर्क सांगितलाय. एम१२ च्या सेन्सरला हा टॉर्क दिलात तर आटे गेले; त्याचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

वायरिंग

सेन्सरचा हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर सहज ओढतो. पॉवर बॅटरीवरून, कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या फ्यूजमधून, आणि इग्निशनने चालू होणाऱ्या रिलेमार्फत घ्या. कंपनीच्या सेन्सरची हीटरची वायर किंवा फ्युएल पंपाची वायर फोडून पॉवर घेणं म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडायला आमंत्रण.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष अर्थकडे होतं. इनोव्हेटच्या एलसी-२ कंट्रोलरचं उदाहरण घ्या. त्याच्या ॲनालॉग आउटपुटला ० व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९ एवढं एअर-फ्युएल प्रमाण. म्हणजे एका व्होल्टला तीन पॉइंट. कंट्रोलरचा अर्थ चेसिसच्या एखाद्या रंगवलेल्या बोल्टवर, लॉगरचा (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राचा) बॅटरीवर, आणि दोघांत नुसता ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर आकडा ०.३ ने खोटा. १२.८ च्या जागी १३.१ दिसणार, आणि तुम्ही विनाकारण पेट्रोल वाढवणार. म्हणून कंट्रोलर आणि लॉगर दोघांचा अर्थ एकाच जागी घ्या, शक्यतो ईसीयूचा अर्थ जिथे येतो तिथे. रंग खरवडा, चांगला लग क्रिंप करा. मग इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून त्या दोन अर्थांमध्ये मल्टिमीटर लावा. काही मिलिव्होल्टच्या वर जायला नको.

सेन्सरची वायर कापून लहान करू नका. एलएसयूच्या कनेक्टरमध्ये त्या त्या सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो. कनेक्टर कापला की कॅलिब्रेशनच गेलं. जादा लांबी सीटखाली गुंडाळा. वायर पाइपपासून दूर, इग्निशन कॉइलच्या वायरीपासूनही दूर न्या. कनेक्टरकडे येणारी वायर थोडी खाली लोंबू द्या, पावसाचं पाणी तिथून टपकून जातं, आत जात नाही.

कॅलिब्रेशन आणि पहिला स्टार्ट

काही कंट्रोलर कनेक्टरमधला रेझिस्टर वाचून स्वतःच जुळवून घेतात. एलसी-२ सारख्यांना सेन्सर मोकळ्या हवेत ठेवून शून्य शिकवावं लागतं. ते बंद गॅरेजमध्ये, शेजारी दुसरी गाडी चालू असताना करू नका. पाया चुकला की वरचं सगळं चुकलं. नेमकी पद्धत मॅन्युअलमधलीच पाळा.

सेन्सर बसल्यावर इग्निशन चालू ठेवून पाच मिनिटं गप्पा मारू नका. तापलेल्या सेन्सरवर थंड पाइपातलं पाणी उडतं. इग्निशन चालू, लगेच स्टार्ट. उलट चूकही तितकीच वाईट: कंट्रोलरची पॉवर काढून सेन्सर तसाच पाइपमध्ये ठेवायचा आणि गाडी चालवायची. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो थोड्याच दिवसांत मरतो.

इंजिन चालू पण अजून थंड असतानाच सायलेन्सरचं टोक जाड फडक्याने क्षणभर दाबून बघा. पोर्ट, जोड किंवा बंगाकडून फस्स आवाज आला तर गळती आहे. ती बंद होईपर्यंत कुठलाही आकडा लिहून ठेवू नका.

आकडे वाचताना

डिस्प्ले लॅम्डावर ठेवा. सवयीने सगळे १४.७ बोलतात, पण तो शुद्ध पेट्रोलचा आकडा. आता पंपावर ई२० मिळतं आणि त्याचं आदर्श प्रमाण साधारण १३.५ आहे. पेट्रोलवर सेट केलेला गेज मात्र लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतो, कारण सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो, पुढचा गुणाकार गेजचा. लॅम्डा वाचलात तर इंधन कुठलंही असो, गोंधळ नाही.

एकसारख्या वेगात, क्लोज्ड लूपमध्ये (ईसीयू सेन्सरचं ऐकून चालतो तेव्हा), लॅम्डा १ च्या दोन-तीन टक्के इकडे-तिकडे झोके दिसले तर सगळं ठीक. पूर्ण थ्रॉटलला एअरकूल्ड सिंगलसाठी ०.८६ ते ०.९० च्या आसपास ठेवतात. तिथे ०.९५ च्या वर सतत राहत असेल तर गाडी पळवू नका, आधी मॅप बघा. थ्रॉटल सोडल्यावर ईसीयू पेट्रोल बंद करतो तेव्हा आकडा लीनच्या टोकाला जाणारच, त्याने घाबरायचं कारण नाही.

फसवणारे आकडे दोन. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर लीन म्हणतो, भले आत मिश्रण रिच असो. प्लग किंवा कॉइल कमजोर असताना ट्यूनिंगला बसलात तर पेट्रोल वाढवत वाढवत मिसफायरच वाढवाल. दुसरा म्हणजे सेकंडरी एअर, ज्याला मेकॅनिक एसएआय म्हणतात. ही नळी मुद्दाम पोर्टजवळ ताजी हवा सोडते, त्यामुळे सेन्सरला लीनच दिसतं. मोजणी चालू असेपर्यंत ती नळी तात्पुरती बंद करा, नंतर परत जोडा.

आणि डिस्प्लेकडे बघत हायवेवर पूर्ण थ्रॉटल मारू नका. लॉग करा, थांबा, मग वाचा. त्याहून बरं म्हणजे डायनो.

कागदपत्रं आणि नंतरची देखभाल

बेंड पाइपला भोक पाडलं की त्या भागाची वॉरंटी गेली असं समजा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेहून वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता मोजणीचा सेन्सर धूर वाढवत नाही. पण कॅट काढणं, ओटू एलिमिनेटर लावून ईसीयूला फसवणं, हे रस्त्यावरच्या गाडीला करू नका. एप्रिल २०२५ पासूनच्या ओबीडी-२बी (गाडीनेच आपले बिघाड ओळखायची पद्धत) असलेल्या गाड्या कॅटवरही नजर ठेवतात, दिवा लागल्याशिवाय राहत नाही.

ट्यूनिंग संपलं आणि रोजच्या वापरात वाइडबँड नको असेल तर सेन्सर काढा, डब्यात टोक झाकून ठेवा, आणि बंगात एम१८ × १.५ चा प्लग तांब्याच्या वॉशरसह घट्ट बसवा. तो प्लग आत्ताच सेन्सरसोबत विकत घेऊन टूल किटमध्ये टाका. स्पेअरच्या दुकानात हव्या त्या दिवशी तो मिळेलच असं नाही. कायम लावून ठेवणार असाल तर ऑइल बदलताना दरवेळी वायर कुठे पाइपला टेकून वितळत नाही ना ते बघा, आणि फ्री-एअर कॅलिब्रेशन मागणारा कंट्रोलर असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने ते पुन्हा करा. तेल जाळणाऱ्या इंजिनात सेन्सर लवकर जातो. तिथे नवा सेन्सर घ्यायच्या आधी पिस्टन रिंगांचं काम उरका.